टीव्हीची लहर आडवी की उभी? सिग्नल कुठे मरतो ते शोधा

प्रश्न विचारणारी मुलगी नाशिकचीच, इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "काका, पंचवटीत आजोबांच्या जुन्या घरावर टीव्हीचा अँटेना अजून आहे. त्याच्या दांड्या उभ्या आहेत. आसपासच्या दोन-तीन घरांवर असेच जुने अँटेना उरलेत, त्यांच्या सगळ्या दांड्या आडव्या. बरोबर कोणाचं? टीव्हीचा सिग्नल आडवा येतो की उभा, हे स्वतः मोजून कसं काढायचं? आणि आमच्या इंदिरानगरच्या घरी डिशवर निम्मी चॅनेल दिसतात, निम्म्यांवर 'सिग्नल नाही' येतं. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?"

संबंध आहे, आणि चांगलाच आहे. पहिल्याचं उत्तर लगेच देतो: शेजारी बरोबर. दूरदर्शनच्या जमिनीवरच्या ट्रान्समीटरसाठी मी आजवर जितके अँटेना बसवले, ते सगळे आडवेच. तुझ्या आजोबांचा उभा का, त्याबद्दल माझा एक संशय आहे, तो शेवटी सांगतो. तो तपासायला तुला छपरावर चढावं लागेल.

पुस्तकात याला ध्रुवीकरण म्हणतात. हल्ली तो शब्द काढला की माणसं निवडणुकीबद्दल बोलायला लागतात. आमच्या धंद्यात 'पोल' किंवा 'पोलॅरिटी' म्हणतात. रेडिओ लहर पुढे जात असताना तिचं विद्युत क्षेत्र आडव्या रेषेत हेलकावतंय की उभ्या, एवढाच त्याचा अर्थ. क्षेत्र आडवं असेल तर आडव्या दांडीतले इलेक्ट्रॉन लांबीच्या दिशेने धावतात आणि वायरीत व्होल्टेज मिळतं. तीच दांडी उभी केली की त्यांना धावायला जागा उरत नाही. म्हणून अँटेना ज्या दिशेला पडलेला, तीच त्याची पोलॅरिटी. प्रसारण केंद्राच्या मनोऱ्यावरही हेच लागू.

इथे एक गैरसमज दुरुस्त करतो, कारण मीही तो बरीच वर्षं बाळगला होता. खिडकीला उभे गज असले की उभी लहर त्यांच्या फटीतून आरामात जाईल आणि आडवी अडेल असं वाटतं. होतं नेमकं उलट. उभ्या गजात उभी लहर वीज खेळवते आणि गज ती परत फेकतो. आडवी लहर जवळपास तशीच पार होते. अट एकच, गजांमधलं अंतर लहरीच्या लांबीपेक्षा बरंच कमी हवं. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५च्या सुमारास कोलकात्यात काही मिलिमीटरच्या लहरींवर प्रयोग केले, तेव्हा रेल्वेच्या वेळापत्रकाच्या जाड पुस्तकात पानापानांमध्ये कथिलाचे पत्रे घालून पोलरायझर केला होता. पुढे त्यांनी तागाच्या पिळलेल्या दोऱ्या वापरून लहरीची दिशा फिरवूनही दाखवली. हाताशी असेल त्या वस्तूतून उपकरण करायची ही रीत तुझ्या प्रोजेक्टला उपयोगी पडेल. पुढे त्याच्यावर येतोच.

टीव्हीसाठी आडवंच का निवडलं? त्या काळच्या मोटारींच्या स्पार्क प्लगमधून उठणारी खरखर जास्त करून उभी असायची. आडव्या अँटेनाला ती कमी लागायची. शिवाय आडव्या डायपोलच्या (मधोमध वायर जोडलेल्या दांडीच्या) दोन्ही टोकांच्या दिशेला बहिरेपणा असतो. बाजूच्या टेकडीवरून आपटून येणारा सिग्नल, म्हणजे पडद्यावरचं डबल चित्र, अँटेना थोडा फिरवून त्या बहिऱ्या बाजूला टाकता यायचं. पण हा काही निसर्गनियम नाही. ब्रिटनमध्ये १९३६ साली अलेक्झांड्रा पॅलेसवरून प्रसारण सुरू झालं ते उभ्या पोलचं. आजही तिथे मोठी केंद्रं आडवी आणि छोटी रिले केंद्रं बहुतांशी उभी, म्हणजे एकाच्या सिग्नलने दुसऱ्याच्या चित्रात घुसू नये. अमेरिकेत आडवंच होतं. १९७७मध्ये तिथे टीव्हीला वर्तुळाकार पोलची परवानगी मिळाली, कारण घरात टीव्हीच्या डोक्यावर ठेवलेली सशाच्या कानांसारखी अँटेना लोक कशीही वाकवतात.

म्हणून कोणत्याही गावात गेलं की आधी चार छपरं बघायची. एका अँटेनावर विश्वास ठेवू नको, पाच-सहा बघ. त्यांच्या दांड्या एकाच पातळीत असतील आणि तोंडं एकाच दिशेला असतील, तर तुझं अर्धं उत्तर तिथेच आहे. सोबत टेप असू दे. अँटेनाच्या मधोमध जो दुमडलेला, लांबोळ्या कडीसारखा डायपोल असतो त्याची लांबी मोज. १४३ला मीटरमधल्या लांबीने भागलं की साधारण मेगाहर्ट्झ मिळतात. सव्वादोन-अडीच मीटरचा दांडा असेल तर तो बँड १चा (बँड म्हणजे फ्रिक्वेन्सींचा पट्टा). तिथल्या चॅनेल ४चं चित्र ६२.२५ मेगाहर्ट्झवर असायचं. ८० सेंटिमीटर भरला तर १७८च्या आसपास, म्हणजे बँड ३. वीतभर-दीड वीत लांबीच्या पुष्कळ काड्या असतील तर यूएचएफ, म्हणजे त्याहून वरचा पट्टा. कुठलं चॅनेल धरण्यासाठी तो अँटेना चढवला होता, हे मालक विसरला असला तरी डायपोल विसरत नाही.

आता मोजण्याकडे. या सगळ्या लिखाणातली एक गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेव: सिग्नल सर्वांत जोरात कुठे येतो ते शोधू नको, तो कुठे मरतो ते शोध. आणि तिथून बरोबर ९० अंश वळ.

कारण साधं गणित आहे. अँटेना आणि लहर यांच्यात कोन असेल तर मिळणारी शक्ती त्या कोनाच्या कोसाइनच्या वर्गाइतकी. आकडे घालून बघ. १० अंश चुकलं तर जेमतेम ०.१३ डीबी (डेसिबल, सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप) जातात. मीटरवर कळणारसुद्धा नाही. ३० अंश चुकलं तरी सव्वा डीबी. ४५ला ३ डीबी, म्हणजे निम्मी शक्ती. ६०ला ६ डीबी. पण ८० अंशांवर एकदम १५ डीबी पडतात, आणि ८० ते ९० या शेवटच्या दहा अंशांत काटा दगडासारखा खाली जातो. म्हणजे शिखर हे पसरट पठार आहे, अंजनेरीच्या माथ्यासारखं; तिथे नेमका मध्य कुठला हे डोळ्यांनी सांगता येत नाही. दरी मात्र चिंचोळी आहे. दरीच्या दोन्ही कडांवर सिग्नल सारखा चढला की बरोबर मधला कोन धरायचा. दोन-तीन अंशांपर्यंत उत्तर मिळतं.

नवी पोरं इथेच फसतात. अँटेना आडवा धरला, आकडा बघितला. उभा धरला, आकडा बघितला. आडव्यात ४ डीबी जास्त, म्हणून लिहिलं 'आडवं'. ४ डीबीचा फरक काहीच सिद्ध करत नाही. मोकळ्या माळावर, समोर मनोरा दिसत असताना, आडव्या-उभ्यात २० डीबी किंवा जास्त फरक पडायला हवा. वस्तीत इमारतींवरून, पत्र्यांवरून, टाक्यांवरून आपटलेला सिग्नल मिसळतो. आपटताना पोल वाकतो, मग फरक १०-१२वर येतो. त्याहूनही कमी भरत असेल तर तू मनोऱ्याचा नाही, शेजारच्या पाण्याच्या टाकीचा सिग्नल मोजते आहेस असं समज आणि जागा बदल.

करायचं कसं ते सांगतो. तीन दांड्यांचा लहान यागी (छपरावर असतो तसा, एकामागे एक दांड्यांचा अँटेना) किंवा साधा डायपोल घे. तो लोखंडी पाइपवर लावू नको. अँटेना उभा केला की लोखंडी पाइप दांड्यांना समांतर येतो आणि स्वतःच अँटेनाचा भाग होऊन बसतो. उभं मोजमाप कायम खोटं येण्याचं हे पहिलं कारण. बांबू किंवा पीव्हीसी पाइप घे. केबल बूमच्या (दांड्या ज्यावर बसवतात त्या मधल्या दांड्याच्या) मागच्या बाजूने सरळ मागे काढ, किमान एक मीटर, मगच खाली सोड. दांड्यांच्या शेजारून लोंबत ठेवली तर तीही लहर पिते. फिरवताना अँटेनाचा मध्य जागेवरून हलता कामा नये, कारण गच्चीवर फूटभर वरखाली झालं तरी सिग्नल बदलतो आणि तुला वाटतं पोलमुळे बदलला. बांबूच्या टोकाला पुठ्ठ्यावर कोनमापक चिकटव आणि दर १० अंशांनी आकडा लिही. हे सगळं गच्चीच्या तीन वेगळ्या जागी कर. तिन्ही दऱ्या एकाच कोनावर आल्या तर उत्तर पक्कं. हाताने धरून मोजू नको. आपण म्हणजे खारं पाणी भरलेला उभा पिंप आहोत.

आता अडचण अशी की नाशिकमध्ये मोजायला जमिनीवरचा टीव्ही सिग्नल राहिलेला नाही. दूरदर्शनने जुने ॲनालॉग ट्रान्समीटर बंद केले. २०१६ साली १६ शहरांत डिजिटल, डीव्हीबी-टी२ सुरू झालं, त्यात मुंबई आणि औरंगाबाद होतं, नाशिक नव्हतं. तरी सरावासाठी एक छान सोय आहे: आकाशवाणी नाशिक, १०१.४. दीड मीटरच्या आसपास डायपोल कर आणि फिरव. तुला वाटेल तशी दरी सापडणार नाही. आडवा धर, उभा धर, तिरका धर, सिग्नल थोडा हलेल पण मरणार नाही. कारण एफएम केंद्रं बहुधा वर्तुळाकार पोल पाठवतात. गाडीची अँटेना उभी असते आणि घरातल्या रेडिओची वायर कशीही लोंबते, दोघांनाही मिळायला हवं. 'दरी नाही' हेही एक उत्तर आहे. फक्त ते देण्याआधी मोकळ्या जागी एकदा मोज, कारण आपटलेल्या सिग्नलचा गोंधळही असाच दिसतो.

जमिनीवरचं इतकंच. नाशिककरांना खरी गंमत आकाशात आहे.

उपग्रहावर जागा वाचवायला आडवे आणि उभे दोन्ही पोल वापरतात. साधारण त्याच फ्रिक्वेन्सीवर एका पोलमध्ये काही चॅनेल, दुसऱ्यात वेगळी. बॉक्सच्या मेनूत ट्रान्सपॉन्डरची (उपग्रहावरच्या एकेका प्रक्षेपकाची) ओळ दिसते, उदाहरणार्थ दूरदर्शनच्या मोफत फ्री डिशची ११०९० व्ही २९५००: पहिला आकडा मेगाहर्ट्झमध्ये फ्रिक्वेन्सी, शेवटचा सिम्बॉल रेट, म्हणजे डेटा येण्याचा वेग, मधलं व्ही म्हणजे उभा पोल, एच असेल तर आडवा. हा पोल एलएनबीला (डिशच्या पुढच्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीला) कळतो तो केबलवरून जाणाऱ्या व्होल्टेजवरून. १३च्या आसपास व्होल्ट दिले की एलएनबी आतली उभी सुई वापरतो, १८ दिले की आडवी. २२ किलोहर्ट्झचा टोन दिला की वरचा बँड. एखाद्या ट्रान्सपॉन्डरचा पोल माहीत नसेल तर मॅन्युअल सर्चमध्ये एकदा व्ही, एकदा एच घालून बघायचं. ज्याने लॉक होतं तो पोल. पण याला एक पूर्वअट आहे: एलएनबी आधी बरोबर फिरवलेला पाहिजे.

आणि नाशिकमध्ये तो 'सरळ' कधीच बरोबर नसतो. उपग्रहाचा आडवा म्हणजे विषुववृत्ताला समांतर. उपग्रह आपल्या बरोबर दक्षिणेला असेल तर त्याचं आडवं आणि आपलं आडवं एकच. तो पूर्वेला सरकला की आपल्याला ते तिरकं दिसतं. हिशोब सोपा आहे: कलाचा, म्हणजे या तिरकेपणाच्या कोनाचा, टॅन म्हणजे रेखांशांतल्या फरकाचा साइन भागिले आपल्या अक्षांशाचा टॅन. नाशिक २० अंश उत्तर, ७३.८ पूर्व. फ्री डिशचा जीसॅट-१५ आहे ९३.५ पूर्वेवर. फरक १९.७. टॅन येतो ०.९२च्या वर, म्हणजे कल जवळजवळ ४३ अंश! ८३ पूर्वेच्या उपग्रहाला २४ अंश येतो. ९५ पूर्वेला तर बरोबर ४५.

४५ म्हणजे काय होतं ते वरच्या आकड्यांवरून बघ. एलएनबी कनेक्टर खाली करून सरळ बसवला, तर त्याची प्रत्येक सुई दोन्ही पोल निम्मे-निम्मे उचलते. आडवं-उभं वेगळं करण्याची ताकद शून्य. मीटरवर सिग्नल भरपूर दिसतो, कारण शक्ती फक्त ३ डीबी कमी, पण गुणवत्ता हलत नाही, कारण एकावर दुसरं बसलंय. आणि कोणी ४५ अंश उलट्या बाजूला फिरवला तर चूक ९० अंशांची होते: व्ही मागितलं की एच मिळतं, एच मागितलं की व्ही. ९५च्या डिशवर असला प्रकार मी दोनदा पाहिलाय. मेनूत मुद्दाम उलटा पोल घालून सर्च केलं आणि टकाटक लॉक झालं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

कुठल्या बाजूला फिरवायचा? छत्रीच्या समोर, आकाशाकडे पाठ आणि एलएनबीच्या मागच्या बाजूकडे तोंड करून उभी राहा. पूर्वेकडच्या उपग्रहांसाठी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. कनेक्टर सहावर होता तो फ्री डिशला साडेसाताच्या जरा अलीकडे. मागे उभं राहून बघितलं तर अर्थातच उलट दिसेल. निम्मी भांडणं इथेच होतात, एक गच्चीवर छत्रीपुढे आणि दुसरा मागे. ६८.५ पूर्वेसारख्या पश्चिमेकडच्या उपग्रहाला उलट दिशेने, सुमारे १४ अंश. हे भूमितीचे आकडे. काही उपग्रहांचा स्वतःचा थोडा कल असतो आणि काही एलएनबींच्या धारकात तो आधीच दिलेला असतो, म्हणून शेवटचे पाच-सात अंश मीटरवरच लावायचे.

ते लावतानाही दरीचा नियम. हव्या त्या पोलचा सिग्नल वाढवत बसू नको. विरुद्ध पोलचं व्होल्टेज दे आणि हवा तो सिग्नल कमीत कमी होईपर्यंत एलएनबी फिरव, मग व्होल्टेज परत पूर्वीसारखं कर. पण फ्रिक्वेन्सी अशी निवड की विरुद्ध पोलमध्ये तिथे काहीच चालू नाही. आणि हे काम बाजारातल्या काटेवाल्या स्वस्त सॅटफाइंडरने होत नाही. तो सगळ्या बँडची एकत्र शक्ती मोजतो, त्याला व्ही-एच काही कळत नाही. ट्रान्सपॉन्डर लॉक करून गुणवत्ता दाखवणारा मीटर लागतो, नाहीतर बॉक्सचाच सिग्नल पडदा आणि खालून ओरडून आकडे सांगणारा भाऊ.

थोडं विषयांतर. पावसाचे थेंब पडताना खालून चपटे होतात, त्यामुळे आडवी लहर उभीपेक्षा पावसात जरा जास्त खाल्ली जाते. इगतपुरी-घोटीकडे एच चॅनेल आधी जातात असं पूर्वी आम्ही एकमेकांना ठासून सांगायचो. पण ४५ अंशांच्या कलावर उपग्रहाचं आडवं आणि उभं, दोन्हीही थेंबाला सारखीच तिरपी. फरक जवळजवळ मिटतो. आमचं ठासून सांगणं बहुधा ओल्या कनेक्टरचं होतं.

हा कल मी शिकलो तो १९९२ साली. एशियासॅट-१ वर, १०५.५ पूर्वेला, स्टारची चॅनेल होती आणि त्या ऑक्टोबरात झी सुरू झालं. रविवार कारंज्याजवळ एका केबलवाल्याकडे मी हाताखाली होतो. गच्चीवर जाळीची अवाढव्य छत्री, मधोमध फीडहॉर्न, सी बँडचा एलएनबी. व्होल्टेजने पोल बदलण्याची सोय त्यात नव्हती. एच हवं तर एलएनबी एका बाजूला, व्ही हवं तर पाव वळसा. मालकाने सांगितलं, "आडवं धर." मी स्पिरिट लेव्हल लावून आडवं धरलं. चित्रात नुसत्या मुंग्या. तासभर त्या उन्हात दिशा, उंची, फोकस सगळं हलवलं, आणि शेवटी वैतागून बोल्ट ढिले करून फिरवत बसलो तर अर्ध्याहून जास्त उभं झाल्यावर चित्र स्वच्छ. मालक म्हणाला, "अरे हे तर उभं झालं!" खूप नंतर हिशोब केला: १०५.५साठी नाशिकचा कल ५५ अंश. उपग्रहाचं आडवं आपल्या गच्चीवर आडव्यापेक्षा उभ्याच्या जास्त जवळ असतं.

आता तुझी निम्मी चॅनेल. कुठली गेलीत ती यादी कर आणि मेनूत त्यांचा पोल बघ. गेलेली सगळी एच असतील तर छत्रीला हात लावू नको, मल्टिमीटर काढ. मखमलाबादकडे एका द्राक्षबागेतल्या घरी हेच झालं होतं. आधी कोणी तरी येऊन छत्री दोनदा फिरवून गेलेलं. मी बॉक्सच्या मागे मोजलं: एच चॅनेल लावल्यावर १८.३ व्होल्ट. गच्चीवर केबलच्या टोकाला: १८.१. सगळं ठीक. आणि इथेच बरेच जण मीटर खिशात घालतात. पण ते मोजमाप एलएनबी काढून केलेलं होतं, म्हणजे केबलमधून प्रवाहच वाहत नव्हता. मी टी-जोड घालून एलएनबी लावलेल्या अवस्थेत मोजलं: १४.४. एलएनबीच्या दृष्टीने ती उभ्या पोलची आज्ञा. बॉक्स मागतोय एच, एलएनबी देतोय व्ही, आणि व्ही चॅनेल मात्र झकास. टाकीखाली केबलला पीळ मारून, वर काळी टेप गुंडाळून जोड दिला होता. टेप सोलली तर आतून पाणी आलं; जाळी हिरवी पडलेली, मधल्या तारेवर तांब्याचा मुलामा उडून नुसतं काळं लोखंड. जोड कापून एकसलग केबल टाकली, १७.२ आले, सगळी चॅनेल परत.

गेलेली सगळी व्ही असतील तर घरात दुसरा बॉक्स आहे का बघ. एका साध्या एलएनबीवर स्प्लिटर टाकून दोन बॉक्स चालवले की ज्याचं व्होल्टेज जास्त तो जिंकतो. बहिणीने एच चॅनेल लावलं की तुझं व्ही जातं. त्याला दोन तोंडांचा एलएनबीच हवा. आणि दोन्ही पोलमधली थोडी-थोडी चॅनेल अडखळत असतील, तेव्हा कल तपास.

प्रोजेक्टसाठी एक प्रयोग सुचवतो, बोसांच्या वेळापत्रकाच्या जातीचा. तांब्याच्या समांतर पट्ट्यांचा व्हेरोबोर्ड घे, तळहातापेक्षा मोठा. पट्ट्या २.५४ मिलिमीटरवर असतात. ११ गिगाहर्ट्झची लहर २७ मिलिमीटरची, म्हणजे पट्ट्यांमधलं अंतर तिच्या दहाव्या हिश्श्याहून थोडं कमी. सुंदर पोलरायझर. चालू ट्रान्सपॉन्डरवर बॉक्सचा सिग्नल पडदा लाव आणि बोर्ड एलएनबीच्या तोंडापुढे धरून हळूहळू फिरव. एका कोनाला सिग्नल तसाच, पाव वळशाने एकदम गायब. गायब होतो तेव्हा पट्ट्यांची दिशा म्हणजे विद्युत क्षेत्राची दिशा, गजांचा तोच नियम. मोबाइलच्या कोनमापकाने ती मोज. फ्री डिशच्या व्ही ट्रान्सपॉन्डरवर छत्रीपुढून बघताना पट्ट्या साधारण एक वाजून पंचवीस मिनिटांवरच्या तासकाट्यासारख्या दिसल्या पाहिजेत. लॉक एकदम तुटतो, म्हणून दोन्ही बाजूंनी कुठे तुटतो ते लिहून मध्य काढ. आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला लावायचा छोटा रेडिओ) असेल तर त्यावर आणखी छान दिसेल, कारण एलएनबी ११०९० मधून ९७५० वजा करून १३४० मेगाहर्ट्झ खाली पाठवतो आणि ते डोंगलच्या टप्प्यात येतं. मात्र मध्ये डीसी अडवणारा जोड घातल्याशिवाय लावू नको; १३ व्होल्ट सरळ डोंगलमध्ये गेले की वास येईल.

परदेशी व्हिडिओ बघून गोंधळू नको. अमेरिकेतल्या डीटीएचला वर्तुळाकार पोल आहे, तिथे १३ व्होल्ट म्हणजे उजवी फिरकी आणि १८ म्हणजे डावी. एलएनबी फिरवायची गरजच नाही. आपल्याकडची सवय तिथे आणि तिथली इथे चालत नाही.

आणि आता आजोबांचा अँटेना. माझा संशय असा की तो कोणी उभा लावलेला नाही, तो वळला आहे. संक्रांतीला पंचवटीत प्रत्येक अँटेनात दोन-चार पतंग अडकायचे आणि पोरं मांजा धरून ओढायची. वर कावळे, वानरं. बूम पाइपला धरणारा यू-बोल्ट एकदा ढिला पडला की बूम स्वतःभोवती फिरतो आणि पाव वळशावर जाऊन गंजून बसतो. चढल्यावर दोन गोष्टी बघ. एक, यू-बोल्टच्या खाली बूमवर जुना चकचकीत डाग आहे का, म्हणजे बोल्टची आधीची जागा. तो आत्ताच्या जागेपासून पाव वळशाने बाजूला असेल. दोन, डायपोलच्या मधोमध काळी प्लॅस्टिकची डबी आहे, जिथे चपटी वायर जोडतात. तिचं वायरीचं भोक नेहमी खाली ठेवून बसवतात, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून. ते भोक आत्ता बाजूला बघत असेल तर अँटेना बसवणाऱ्याने आडवाच बसवला होता. खाली बघत असेल तर मी चुकलो, मग कोणीतरी मुद्दाम उभा लावलाय आणि आजोबांनाच विचारावं लागेल. भोकात बोट घालू नको, या डब्यांत कुंभारीण माशी घर करते.